संबंधाच्या वेळी दुखतं, इच्छाच होत नाही: तपास आणि उपचार कोणत्या क्रमाने करायचे

स्त्रीरोगतज्ज्ञांच्या केसपेपरवर ही तक्रार सहसा नसतेच. तिथे लिहिलेलं असतं, अंगावरून पांढरं जातं, कंबर धरते, लघवीला जळजळ होते, लग्नाला तीन वर्षं झाली आणि दिवस राहत नाहीत. तपासणी होते, गोळ्या लिहून होतात. मग खुर्चीतून उठता उठता बाई हळूच म्हणते, "आणि ते पण जरा त्रासाचंच होतं, डॉक्टर." बाहेर चाळीस पेशंट ताटकळत असतात. उत्तर मिळतं, "टेन्शन घेऊ नका, होईल हळूहळू." कधी सोबत एखादं टॉनिकही मिळतं.

हळूहळू काही होत नाही. उलट, दुखण्याची भीती बसली की इच्छा जाते, इच्छा गेली की ओलावा येत नाही, ओलावा नसला की आणखी दुखतं. म्हणून या लेखात माझा सगळा भर क्रमावर आहे. आधी दुखणं तपासायचं, मग कोरडेपणा, मग चालू औषधं आणि शरीरातले इतर आजार, आणि इच्छेचा विचार शेवटी. आपल्याकडे बहुतेक वेळा उलटं घडतं. "तिला इच्छाच नाही" इथून सुरुवात होते आणि तिथेच सगळं संपतं.

पायरी पहिली: तक्रार कुणाची आणि नेमकी कोणती

एक कागद घ्या (मोबाइलवर लिहिणार असाल तर लॉक लावून) आणि चार प्रश्नांची उत्तरं लिहा. नेमका त्रास काय: दुखतं, ओलावा येत नाही, मनातच येत नाही, की सगळं होतं पण ऑर्गॅझम, म्हणजे सुखाचा परमोच्च क्षण, येत नाही? कधीपासून: पहिल्यापासून, की आधी ठीक होतं आणि नंतर सुरू झालं? नेहमी की ठरावीक वेळीच: स्वतःच्या स्पर्शाने ठीक वाटतं पण नवऱ्याबरोबर नाही, सुट्टीत बाहेरगावी गेल्यावर ठीक पण घरी नाही, असं काही? आणि त्याच सुमारास आयुष्यात काय घडलं: बाळंतपण, ऑपरेशन, नवी गोळी, पाळी जाणं, कुणाचा मृत्यू, नवऱ्याची नोकरी जाणं?

शेवटच्या प्रश्नात अनेकदा निम्मं निदान असतं. "बीपीची गोळी बदलली तेव्हापासून" किंवा "दुसऱ्या बाळाचे टाके पडले तेव्हापासून" असं उत्तर आलं तर कुठे शोधायचं ते कळलंच.

आणखी एक प्रश्न स्वतःला विचारा: या गोष्टीचा त्रास मला होतोय, की फक्त नवऱ्याला? अमेरिकन मानसोपचार संघटनेचं २०१३ सालचं वर्गीकरण जगभर वापरलं जातं. त्यातही एखाद्या स्थितीला विकार म्हणायला दोन अटी आहेत. त्रास साधारण सहा महिने टिकलेला हवा, आणि त्या बाईला स्वतःला त्याचा मनस्ताप होत असला पाहिजे. महिन्यातून एकदा जवळीक होते, त्यात तुम्ही समाधानी आहात आणि नवऱ्याला आठवड्यातून तीनदा हवी आहे, तर हा दोघांनी बसून बोलायचा मतभेद आहे, तुमचा आजार नाही.

पायरी दुसरी: दुखतं कुठे

इथे सगळ्यात जास्त वेळ द्या. दुखण्याची कारणं सापडतात, त्यांना उपचार आहेत, आणि हेच सगळ्यात जास्त दुर्लक्षित आहे. दुखणं दोन प्रकारचं असतं: तोंडाशी आणि आत खोलवर.

तोंडाशी आग होते, चिरल्यासारखं वाटतं, खाज येते, तर आधी जंतुसंसर्ग पाहा. दह्यासारखं पांढरं आणि खाज असेल तर बहुधा बुरशी. राखाडी पातळ स्राव आणि माशासारखा वास असेल तर बॅक्टेरियल व्हजायनोसिस. हिरवट, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास हा संबंधातून पसरणारा संसर्ग, आणि त्यात नवऱ्यानेही औषध घ्यावंच लागतं, नाहीतर संसर्ग परत येतो. बुरशी वारंवार होत असेल तर साखर तपासा. मात्र पांढरं जातं म्हणजे अशक्तपणा येतो, शक्ती वाहून जाते, हा समज सोडून द्या. पाळीच्या चक्रानुसार थोडा, वास नसलेला स्राव प्रत्येकीला असतो. त्या भीतीपोटी डेटॉल, साबण किंवा सुगंधी वॉशने आतून धुण्याची सवय लागते आणि तिथली त्वचा कायमची चिडलेली राहते. आतला भाग स्वतःला स्वच्छ ठेवतो. बाहेरून साधं पाणी पुरे.

औषधं घेऊनही खाज जात नसेल आणि त्वचा पांढुरकी, पातळ, कागदासारखी दिसत असेल, तर लायकेन स्क्लेरोसस हा त्वचारोग असू शकतो. बुरशी समजून वर्षानुवर्षं त्याच क्रीम दिल्या जातात. याला त्वचारोगतज्ज्ञ किंवा जाणकार स्त्रीरोगतज्ज्ञ तीव्र स्टिरॉइड मलम देतात. ते वेळेवर सुरू झालं तर तिथली त्वचा आखडत जाणं बरंचसं रोखता येतं.

बाळंतपणानंतर टाक्यांच्या जागी वण घट्ट राहिला तर त्या एका ठिकाणी टोचल्यासारखं दुखतं. सव्वा महिना झाला म्हणजे सगळं पूर्ववत झालं, असं नसतं. जखम भरल्यानंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने त्या वणाला तेलाने हलका मसाज, आणि त्याने भागलं नाही तर पेल्व्हिक फ्लोअरची (ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंची) फिजिओथेरपी, याचा उपयोग होतो.

त्वचा दिसायला अगदी ठीक असते, तरी योनिद्वारापाशी नुसता कापसाचा बोळा टेकवला तरी चटका बसतो, असंही होतं. त्याला व्हेस्टिब्युलोडायनिया म्हणतात. "सगळं नॉर्मल आहे" असं सांगून परत पाठवलेल्या बायकांत याही असतात. डॉक्टरांना "कापसाने टेकवून कुठे दुखतं ते तपासा" असं आपणहून सांगायला हरकत नाही.

खोलवर दुखत असेल, शिवाय पाळीत लोळायला लागावं इतकं पोट दुखत असेल, शौचाच्या वेळीही दुखत असेल, तर एंडोमेट्रिओसिसचा, म्हणजे गर्भाशयाच्या अस्तरासारखं अस्तर गर्भाशयाबाहेर वाढण्याच्या आजाराचा, विचार हवाच. पुनरुत्पादनाच्या वयातल्या साधारण दहा टक्के स्त्रियांना तो असतो, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. साध्या सोनोग्राफीत तो दिसेलच असं नाही, त्यामुळे रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून पाळीतलं दुखणं खोटं ठरत नाही. ओटीपोटातला जुना संसर्ग, गर्भाशयातल्या गाठी, अंडाशयातली गाठ ही इतर कारणं. आपल्या देशात जननमार्गाचा क्षयही (टीबी) विसरता येत नाही. साधी बद्धकोष्ठतासुद्धा खोल दुखण्याला कारण होते. उपचार कारणानुसार बदलतात. तोवर बाई वर असेल अशी स्थिती घेतली तर खोली तिच्या ताब्यात राहते आणि दुखणं बरंच टळतं.

व्हजायनिस्मस: आत काही जातच नाही

हा विषय वेगळा काढायला हवा, कारण यात जितकी वर्षं वाया जातात तितकी दुसऱ्या कशातच जात नसतील. संबंधाचा प्रयत्न केला की योनीभोवतीचे स्नायू आपोआप आवळले जातात, मांड्या मिटतात, श्वास अडकतो. नवऱ्याला समोर भिंत असल्यासारखं वाटतं. बाई हे मुद्दाम करत नाही, तिला ते थांबवता येत नाही. घरचे म्हणतात नखरे, नवरा म्हणतो हिला मी आवडत नाही, आणि दोन-तीन वर्षांनी हे जोडपं वंध्यत्वाच्या दवाखान्यात पोहोचतं. तिथे संबंधच झालेले नाहीत हे ते सांगत नाहीत, आणि कुणी नीट विचारतही नाही.

कधीकधी "पडदा जाड आहे" असं म्हणून तो कापण्याचं ऑपरेशन सुचवलं जातं. खरोखर जाड किंवा बंद पडदा असतो, पण क्वचित. स्नायू आवळले जात असतील तर पडदा कापून काही फरक पडत नाही, भीती तेवढी वाढते. अशा ऑपरेशनला होकार देण्याआधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

उपचाराचा पहिला नियम असा की संबंधाचे प्रयत्न पूर्ण थांबवायचे. नवऱ्याने हे मनापासून मान्य केलं पाहिजे, कारण प्रत्येक फसलेला प्रयत्न स्नायूंना आवळायलाच शिकवतो. मग घरी, दार लावून, रोज दहा-पंधरा मिनिटांचा सराव. पाठीवर झोपा, गुडघे दुमडा, डोक्याखाली आणि दोन्ही मांड्यांखाली उशा घ्या. पोट फुगेल असा सावकाश श्वास घ्या आणि सोडताना ओटीपोट सैल होऊ द्या. पहिले काही दिवस एवढंच. मग आरशात स्वतःला पाहा. अनेकींनी ते कधीच केलेलं नसतं. पुढे बाहेरून हाताचा स्पर्श.

नंतर नखं कापलेल्या करंगळीला पाण्याचं वंगण (वॉटर-बेस्ड जेली) लावा, लघवी करताना जसा हलका जोर देतो तसा खाली जोर द्या आणि टोक आत जाऊ द्या. जोर दिला की द्वार सैल होतं, आवळलं जात नाही. ही युक्ती लक्षात ठेवा. टोक तिथेच ठेवून श्वास चालू ठेवा. चटका बसला तर थांबा, बोट काढायची घाई नको, स्नायू सैल झाले की मग काढा. करंगळी सहज जायला लागली की तर्जनी, मग दोन बोटं. बोटांऐवजी डायलेटरचा संचही मिळतो. लहान ते मोठे अशा आकाराच्या गुळगुळीत कांड्या असतात, ऑनलाइन किंवा फिजिओथेरपिस्टकडे मिळतात. आधीचा आकार न दुखता आत राहतो, तेव्हाच पुढचा घ्यायचा.

यानंतर नवऱ्याचं बोट, पण हात तुमच्या हातात. सगळ्यात शेवटी संबंध, तुम्ही वर, सुरुवातीला हालचाल न करता. कुणाला हे सगळं दोन महिन्यांत जमतं, कुणाला आठ लागतात. पेल्व्हिक फ्लोअरच्या फिजिओथेरपिस्टची मदत मिळाली तर वाट बरीच सोपी होते. पुण्या-मुंबईत त्या मिळतात, लहान शहरात ऑनलाइन सल्ला घेता येतो.

इथे एक सावधगिरी. मोबाइल उघडला की प्रत्येकजण बायकांना कीगल व्यायाम सांगत असतो. कीगल म्हणजे स्नायू आवळण्याचा व्यायाम. सैल पडलेल्या, खोकल्यावर लघवी निसटणाऱ्या बाईला तो उपयोगी आहे. ज्यांचे स्नायू आधीच ताठलेले आहेत त्यांनी तो केला तर दुखणं वाढतं. त्यांना सैल सोडायला शिकायचं आहे.

मूल हवं म्हणून घाई असेल तर, संबंध न होताही गर्भधारणा होऊ शकते आणि डॉक्टर त्यासाठी मदत करू शकतात. पण मूल झाल्याने व्हजायनिस्मस जातोच असं नाही. दोन प्रश्न वेगवेगळे ठेवा.

पायरी तिसरी: कोरडेपणा

कारण बहुतेक वेळा इस्ट्रोजेन हे स्त्री-हार्मोन कमी होणं हे असतं आणि ते तीन प्रसंगी होतं. बाळाला अंगावर पाजत असताना प्रोलॅक्टिन हे दूध आणणारं हार्मोन वाढतं आणि इस्ट्रोजेन दबलेलं राहतं. ही तात्पुरती गोष्ट आहे, तिला वंगण पुरतं. दुसरा प्रसंग पाळी जाण्याचा. भारतात ते सरासरी ४६-४७ व्या वर्षी होतं, पाश्चात्त्य देशांपेक्षा काही वर्षं आधीच. तिसरा, ऑपरेशनने अंडाशय काढले जाणं. "पिशवी काढली" असं आपण म्हणतो तेव्हा पिशवीबरोबर अंडाशयही काढलेत का, हे बऱ्याच बायकांना ठाऊकच नसतं. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांच्या पिशव्या ऐन तिशीत काढल्या गेल्याचं २०१९ साली गाजलं आणि सरकारला चौकशी समिती नेमावी लागली. चर्चा कामाच्या सक्तीची आणि खासगी दवाखान्यांच्या लोभाची झाली, आणि ते योग्यच होतं. पण अंडाशयही गेलेल्या बाईची पाळी एका दिवसात कायमची संपते आणि कोरडेपणा, हाडं ठिसूळ होणं, इच्छा जाणं हे सगळं दहा-पंधरा वर्षं आधी येतं, यावर फारसं कुणी बोललं नाही. तुमचं असं ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड शोधा आणि अंडाशय ठेवलेत की काढलेत ते पाहा. उपचार त्यावर ठरतात.

उपचारांची चढण अशी. संबंधाच्या वेळी पाण्याचं किंवा सिलिकॉनचं वंगण, सढळ हाताने. खोबरेल तेल अनेकींना मानवतं, पण त्याने लेटेक्सचा कंडोम फाटतो, तेव्हा दोन्ही एकत्र नको. दुकानदार बधिर करणारी जेली देत असेल तर घेऊ नका. दुखणं ही सूचना असते, ती दाबून जखम होते. दुसरा टप्पा योनीसाठीच्या मॉइश्चरायझरचा, हायलुरॉनिक ॲसिड असलेलं, आठवड्यातून दोन-तीनदा, संबंध असो वा नसो.

पाळी गेल्यानंतरच्या कोरडेपणाला एवढं पुरलं नाही तर इस्ट्रिऑलची, म्हणजे सौम्य इस्ट्रोजेनची, योनीत लावायची क्रीम. डॉक्टर सहसा पहिले दोन आठवडे रोज रात्री आणि मग आठवड्यातून दोनदा लावायला सांगतात. पूर्ण फरक पडायला दोन-तीन महिने लागतात, आणि बंद केली की त्रास परततो, म्हणून ती चालू ठेवावी लागते. सारखी लघवीला लागणं, लघवीचा संसर्ग पुन्हा पुन्हा होणं, हेही तिने कमी होतं. डब्यातल्या कागदावर कॅन्सर, रक्ताच्या गाठी असं काहीबाही वाचून बायका ट्यूब तशीच ठेवून देतात. ते इशारे मुख्यतः तोंडाने घ्यायच्या जास्त मात्रेच्या हार्मोनचे आहेत. या क्रीममधून रक्तात फारच थोडं जातं. अपवाद स्तनाच्या कॅन्सरचा. तो होऊन गेला असेल, विशेषतः त्यासाठीच्या लेट्रोझोल किंवा ॲनास्ट्रोझोल या गोळ्या चालू असतील, तर कॅन्सरतज्ज्ञांना विचारल्याशिवाय हार्मोनची कुठलीही क्रीम नको. वंगण आणि मॉइश्चरायझर मात्र बिनधास्त.

योनीला "तारुण्य" देणाऱ्या लेझरच्या जाहिराती आता जिल्ह्याच्या ठिकाणीही दिसतात. अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने २०१८ साली अशा उपकरणांबद्दल जाहीर इशारा दिला: या कामासाठी त्यांची सुरक्षितता आणि उपयोग सिद्ध नाही, आणि भाजणं, वण पडणं, कायमचं दुखणं असे प्रकार घडलेत. मी तरी त्यावर पैसे घालवू नका असंच म्हणेन.

पायरी चौथी: गोळ्यांचा डबा आणि रक्ततपासणी

घरातल्या सगळ्या गोळ्या एका ताटात मांडा आणि नावं लिहून काढा. नैराश्यावरच्या एसएसआरआय गटातल्या गोळ्या, म्हणजे सरट्रॅलिन, पॅरॉक्सेटिन, एसिटॅलोप्रॅम, फ्लुओक्सेटिन, इच्छा कमी करतात आणि ऑर्गॅझम लांबवतात किंवा बंदच करतात. रिस्पेरिडॉनसारख्या मनोविकारावरच्या औषधांनी प्रोलॅक्टिन वाढतं. बीपीच्या काही गोळ्या, ॲलर्जीच्या काही गोळ्या, काहींच्या बाबतीत गर्भनिरोधक गोळ्या यांचाही हात असतो. आपल्या मनाने काहीही बंद करू नका. एसएसआरआय एकदम सोडल्या तर चक्कर, अस्वस्थता आणि मूळचं नैराश्यही उसळून येतं. मानसोपचारतज्ज्ञांना स्पष्ट सांगा. मात्रा कमी करणं, औषध बदलणं, ब्युप्रोपिऑन हे वेगळ्या गटातलं नैराश्यावरचं औषध वापरणं असे मार्ग त्यांच्याकडे आहेत. शिवाय उपचार न केलेलं नैराश्य स्वतःच इच्छा मारतं, हे विसरू नका.

तपासण्या थोड्याच लागतात: हिमोग्लोबिन, थायरॉइडची टीएसएच, साखर, आणि पाळी अनियमित असेल किंवा बाळ नसताना छातीतून दूध येत असेल तर प्रोलॅक्टिन. हिमोग्लोबिनला कमी लेखू नका. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्तक्षय आढळला. जिना चढताना धाप लागणाऱ्या बाईने रात्री उत्सुक असावं ही अपेक्षाच अन्यायाची आहे. मात्र "हार्मोन प्रोफाइल" नावाचं महागडं पॅकेज सरसकट करू नका. टेस्टोस्टेरॉन या (बाईच्याही शरीरात थोड्या प्रमाणात असणाऱ्या) पुरुषी हार्मोनच्या पातळीवरून बाईच्या इच्छेचं निदान होत नाही. आणि पंचेचाळिशीनंतर पाळी लांबून अंगाची लाही होत असेल तर पाळी जाते आहे हे कळायला रक्त तपासावं लागत नाही.

पायरी पाचवी: इच्छा

वरचं सगळं पाहून झालं आणि तरीही मनात येत नसेल, तर आता इच्छेकडे वळा. कॅनडातल्या डॉक्टर रोझमेरी बॅसन यांनी २००० साली मांडलेली गोष्ट इथे फार कामाची आहे. त्यांच्या म्हणण्यानुसार, बऱ्याच स्त्रियांत, खास करून जुन्या नात्यात, इच्छा आधी येत नाही. निवांतपणा, आपुलकीचा स्पर्श यांनी शरीर जागं होतं आणि इच्छा त्याच्या मागून येते. म्हणून "मला आपणहून कधी वाटतच नाही" हे एकटं लक्षण आजाराचं नाही. सुरुवात झाल्यावर बरं वाटतं का, हा खरा प्रश्न.

आता तो निवांतपणा कुठून आणायचा? दोन खोल्यांचं घर, पलीकडे सासू-सासरे, मधे झोपलेलं मूल, सकाळी पाचला पाणी येणार. ही परिस्थिती गोळीने बदलत नाही. मूल वेगळ्या अंथरुणावर झोपवणं, रात्रीऐवजी सुट्टीची दुपार, नवऱ्याने स्वयंपाकघरातलं निम्मं काम उचलणं, हे उपाय साधे दिसतात पण औषधांइतकेच खरे आहेत. दिवस राहण्याची भीती असेल तर आधी तिचा बंदोबस्त करा. तांबी, छाया गोळ्या, अंतरा इंजेक्शन सरकारी केंद्रात मोफत मिळतात. अंतराने काहींची इच्छा कमी होते, तसं जाणवलं तर साधन बदला.

नवऱ्याची बाजूही तपासा. त्याला ताठरता येत नसेल किंवा वीर्यपतन लवकर होत असेल, तर बायको हळूहळू अंग काढून घेते आणि दोष तिच्या नावावर जमा होतो. अशा वेळी डॉक्टरकडे आधी त्याने जायला हवं. लहानपणी किंवा नंतर कुणी जबरदस्ती केली असेल तर त्यासाठी प्रशिक्षित समुपदेशकच हवा. या लेखातले घरगुती सराव त्याआधी सुरू करू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर मराठीत बोलता येतं.

दोघंही तयार असाल तर मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकन संशोधक जोडीने रुजवलेला स्पर्शाचा सराव करून पाहा. आठवड्यातून दोनदा, अर्धा तास, मोबाइल बाहेर. पहिले दोन-तीन आठवडे फक्त पाठ, हात, पाय, केस यांना आळीपाळीने स्पर्श. छाती आणि जननेंद्रियं वर्ज्य, संबंध वर्ज्य. ज्याला स्पर्श होतोय त्याने काय आवडतं, काय नाही एवढंच सांगायचं. पुढचे आठवडे छाती आणि जननेंद्रियंही, पण संबंध अजून नाहीच. संबंध होणार नाही हे नक्की असल्यामुळे बाईच्या डोक्यातला पहारा उठतो, आणि त्यातच याचं सगळं बळ आहे. तिसऱ्या आठवड्यात नवऱ्याने "आता एवढं झालंय तर" म्हणत नियम मोडला की सगळं पुन्हा पहिल्या दिवशी येतं.

ऑर्गॅझमचं थोडक्यात. नुसत्या संबंधाने तो न येणं हेच बहुसंख्य बायकांचं वास्तव आहे, कारण त्याचं मुख्य केंद्र शिश्निका बाहेर, वरच्या बाजूला असते. तिचा बराचसा भाग आत पसरलेला आहे, हे ऑस्ट्रेलियन शल्यविशारद हेलन ओ'कॉनेल यांनी १९९८ साली नीट दाखवून दिलं. वैद्यकाच्या पुस्तकांनीही किती उशीर केला पाहा. कधीच आला नसेल तर सगळ्यात परिणामकारक उपचार म्हणजे एकटीने, घाई न करता, स्वतःच्या हाताने शिकणं आणि मग ते जोडीदाराला दाखवणं. हस्तमैथुनाने अशक्तपणा येत नाही, मूल होण्यात अडचण येत नाही. स्त्रीलाही कामसुखाचा हक्क आहे असं र. धों. कर्वे १९२७ पासून मराठीत छापत होते. त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले भरले गेले, एवढाच आपला त्यावरचा प्रतिसाद.

औषधांबद्दल जे खरं आहे ते

पुरुषांची व्हायग्रा बायकांना चालत नाही. कंपनीनेच २००४ साली बायकांवरच्या चाचण्या थांबवल्या. अमेरिकेत २०१५ साली इच्छा वाढवण्यासाठी फ्लिबॅन्सेरिन मंजूर झालं, पाळी न गेलेल्या बायकांसाठी, रोज रात्री एक गोळी. चाचण्यांत त्याने महिन्याला समाधानाचे अर्धा ते एक प्रसंग वाढले, बदल्यात झोप येणं, चक्कर, आणि दारूबरोबर बीपी पडण्याचा धोका. २०१९ साली आलेलं ब्रेमेलॅनोटाइड हे मांडीत किंवा पोटावर घ्यायचं इंजेक्शन आहे, त्याने मळमळ बरीच होते. टेस्टोस्टेरॉनचा उपयोग पाळी गेलेल्या आणि इच्छा गेल्याचा मनस्ताप असलेल्या बायकांपुरता मान्य आहे, पुरुषांच्या मात्रेच्या जवळपास दहाव्या हिश्श्यात, आणि रक्तातली पातळी मोजत. जास्त झालं तर ओठावर लव, मुरमं, आवाजात बदल.

उरलेलं सगळं, म्हणजे महिलांसाठी शक्तिवर्धक कॅप्सूल, थेंब, तेल, त्याकडे पाठ फिरवा. कामसुखाची क्षमता वाढवण्याचा दावा करणारी औषधाची जाहिरात १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्याने मुळातच बेकायदा आहे. जी भिंतीवर किंवा मोबाइलवर दिसते ती कायदा मोडूनच दिसते.

डॉक्टरकडे जाताना

संबंधानंतर रक्त जाणं, पाळी गेल्यावर पुन्हा रक्त जाणं, न भरणारी जखम किंवा गाठ, तापासोबत ओटीपोटात दुखणं, यांपैकी काहीही असेल तर पायऱ्या बाजूला ठेवा आणि त्याच आठवड्यात तपासून घ्या. रक्त जात असेल तर गर्भाशयाच्या तोंडाची तपासणी टाळू नका.

एरवी सुरुवात स्त्रीरोगतज्ज्ञांकडून करा. उठता उठता नको, बसल्याबरोबर पहिलं वाक्य हेच असू द्या: "मला संबंधाच्या वेळी दुखतं, त्यासाठी आले आहे." बोलवत नसेल तर पहिल्या पायरीचा कागद पुढे करा. आतून तपासणी आज नको असं सांगायचा, मधेच थांबवायचा, पुरुष डॉक्टर असतील तर सोबत स्त्री असावी असं म्हणायचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. सासूबाई सोबत आल्या असतील तर "मला डॉक्टरांशी एकटीने बोलायचंय" हे नर्सला आधीच सांगून ठेवा, त्या सांभाळून घेतात. सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत स्त्रीरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग एकाच आवारात असतात, हा मोठा फायदा.

आणि तुम्ही नाही म्हणत असताना जबरदस्ती होत असेल, तर या लेखातला कोणताही उपचार तुमच्यासाठी नाही, कारण बिघाड तुमच्या शरीरात नाही. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ धरलेला आहे. १८१ ही महिला हेल्पलाइन आहे, आणि प्रत्येक जिल्ह्यात संरक्षण अधिकारी असतात.

उपचार सुरू झाले की सहा आठवड्यांनी पुन्हा दाखवा, बरं वाटत असलं तरी. तीन महिन्यांत काहीच हललं नसेल आणि डॉक्टर अजूनही "टेन्शन घेऊ नका" म्हणत असतील, तर डॉक्टर बदला. जाताना जुने केसपेपर, वापरलेल्या क्रीम आणि गोळ्यांची नावं, किती दिवस वापरल्या ते, आणि डायलेटरच्या सरावात कुठल्या आकारापर्यंत पोहोचलात याची नोंद सोबत घ्या, म्हणजे नव्या डॉक्टरांकडे पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.